टाचेवर टाच

आमच्या सोसायटीत सभेला माणसं जमायची म्हणजे विषय पाण्याचा तरी असावा लागतो, नाहीतर पार्किंगचा. एरवी सर्वसाधारण सभेला उपस्थिती इतकी सर्वसाधारण असते, की कोरम भरण्यासाठी वॉचमनला आत बोलावून बसवावं की काय असा विचार सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. पण परवाच्या रविवारी गच्चीवर एकही खुर्ची रिकामी नव्हती. अकराची सभा पावणेअकराला भरली. ज्यांना पाच वर्षं मी फक्त लिफ्टमध्ये पाठमोरं पाहिलं होतं, त्यांचे चेहरे त्या दिवशी समोरून दिसले. विषय गळतीचा नव्हता, पार्किंगचा नव्हता. विषय होता एका सँडलचा.

मुळापासूनच सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. वय सत्तावीस, नोकरी हिंजवडीला, लग्न नाही. पुण्यात एकट्या पुरुषाला जागा मिळवायची म्हणजे स्वतःच्या सभ्यपणाचे दाखले जमवावे लागतात. इथे मी सख्खा मामा हयात असल्याने आणि मेन्टेनन्स वेळेवर भरत असल्याने त्याचं जमलं. पोरगा शांत. गाणी मोठ्याने लावत नाही, कचरा वेगळा करून देतो, दिवाळीला फराळाचं रिकामं ताट परत करताना त्यात काहीतरी घालून आणतो. तक्रारीला जागाच नव्हती. सोसायटीला ही गोष्ट नाही म्हटलं तरी खुपतच असावी.

आता आपल्याकडची रीत अशी, की माणूस चारित्र्य दाराच्या आत ठेवतो आणि चपला दाराच्या बाहेर. त्यामुळे शेजाऱ्यांना चारित्र्याचा अंदाज चपलांवरूनच घ्यावा लागतो. एके दिवशी भाच्याच्या रॅकवर, ऑफिसचे बूट आणि स्लिपर यांच्या मधोमध, एक काळी चकचकीत सँडल उगवली. टाच तीन इंच. समोरच्या काकूंनी ती पाहिली, काकांना दाखवली, काकांनी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे काय चाललंय?’ संध्याकाळपर्यंत चौसष्ट बिऱ्हाडांनी अनुमान काढलं. एकटा मुलगा, दाराशी बायकी सँडल, म्हणजे आत बाई! तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालावा इतका सरळ तर्क. लगेच विषयपत्रिका निघाली. विषय क्रमांक चार : अविवाहित भाडेकरूंकडे येणाऱ्या व्यक्तींबाबत विचार करणे.

सभेत सेक्रेटरींनी घसा साफ करून विचारलं, “ती सँडल कोणाची?”

भाचा उभा राहिला. “माझी.”

“तुमच्या रॅकवरची, हे कळलं. पण आहे कोणाची?”

“माझीच. मीच घालतो.”

“नाटकात वगैरे काम करता का?”

“नाही.”

“ऑफिसात काही गमतीचा कार्यक्रम?”

“नाही.”

“मग कशासाठी?”

“आवडतात म्हणून.”

गच्चीवर अशी शांतता पसरली, की टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला. आणि मग आमचे खजिनदार, तीस वर्षं हिशेबात एका पैशाची चूक न केलेला माणूस, कळवळून म्हणाले, “अहो, त्यापेक्षा बाई असती तर परवडली असती!”

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कोणी संस्कृती काढली, कोणी लहान मुलांवरचे परिणाम काढले. एक डॉक्टर सभासद आहेत, त्यांनी कंबर काढली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, रात्री डोक्यावर टकटक वाजतं. शेवटी ठराव झाला : ‘सामायिक जागेत अशोभनीय पादत्राणे ठेवू नयेत.’ सर्वानुमते मंजूर. पूर्वी सावकार लोक कोर्टात जाऊन कुळाच्या घरादारावर टाच आणायचे. आमच्या सोसायटीने टाचेवरच टाच आणली.

सर्वानुमते, म्हणजे त्यात माझंही मत आलं. मी तिथेच होतो, दुसऱ्या रांगेत, आणि सबंध वेळ पाण्याच्या टाकीकडे पाहत होतो.

घरी आल्यावर ही म्हणाली, “चपलांबरोबर जीभही दाराबाहेर काढून ठेवली होतीत वाटतं?” पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे उत्तर नसण्याचे प्रसंग रोजचेच, पण त्या दिवशी प्रश्नही झोंबला. मला भाषण नेहमी सभा संपल्यावर सुचतं. तेव्हा जे गच्चीवर बोलायला हवं होतं, ते इथे बोलतो. कोरमची अट नाही, आणि तुम्हाला मध्येच उठून जायची मुभा आहे.

पहिला मुद्दा : ‘पुरुषाला शोभत नाही.’ महाराज, उंच टाच ही मुळात बायकांची वस्तूच नव्हे. ती घोडेस्वाराची. इराणचा स्वार रिकिबीत उभा राहून बाण सोडायचा. तेव्हा पाय रिकिबीतून घसरू नये म्हणून त्याच्या बुटाला टाच असायची. १५९९ साली इराणच्या शाह अब्बासने युरोपातल्या राजांकडे आपले वकील पाठवले. त्या सुमारास तिकडच्या सरदारदरकदारांना इराणी गोष्टींचं वेड लागलं आणि टाच त्यांच्या बुटाला येऊन चिकटली. का, तर मर्दानी दिसते म्हणून! बायकांनी ती सतराव्या शतकात पुरुषांची नक्कल म्हणून उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई तर तांबड्या टाचा घालायचा आणि तांबडी टाच ही दरबारी माणसाची खूण मानली जायची. १७०१ साली रिगो नावाच्या चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. साठी उलटलेला राजा, अंगावर राजवस्त्र, पांढऱ्या मोज्यातला पाय मुद्दाम पुढे काढलेला आणि खाली तांबड्या टाचेचे बूट. त्याला ‘पुरुषाला शोभत नाही’ म्हणून सांगायला कोणी सेक्रेटरी पुढे आल्याची नोंद नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला पुरुषांनी टाचा टाकल्या आणि मग ठरवलं की त्या बायकांच्याच होत्या. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर टाकायची पुरुषांची सवय किती जुनी आहे पाहा.

दुसरा मुद्दा : ‘आपली संस्कृती.’ हे ज्यांनी म्हटलं त्यांच्या दिवाणखान्यात बालगंधर्वांची तसबीर आहे, शालू नेसलेली. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष रंगभूमीवर नऊवारी नेसून यायचा आणि खऱ्या बायका घरी जाऊन त्याच्यासारखं नेसायचा, त्याच्यासारखा गजरा माळायचा प्रयत्न करायच्या. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला, त्यात भामिनी बालगंधर्व होते आणि धैर्यधर केशवराव भोसले. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. या संस्कृतीत पुरुषाने बायकी वेष करणं बसत नाही, असं म्हणायला फार मोठं धैर्य पाहिजे. धैर्यधरापेक्षाही मोठं!

“पण ते नाटकात होतं,” असं खजिनदार म्हणतील. अगदी बरोबर. आणि इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे पुरुषाला सगळं माफ आहे, फक्त कारण द्यावं लागतं. लढाईसाठी टाच? माफ. रुबाबासाठी? माफ. नाटकासाठी? माफ. आणि तिथेही माफी सगळ्यांना सारखी नाही. संगीत रंगभूमीवरच्या स्त्रीभूमिकेला शालजोडी आणि तमाशातल्या नाच्याला टवाळी! पण निदान पोटासाठी करतो म्हटलं की लोक पुढे जातात. माफ नाही ती एकच गोष्ट : ‘आवडतं म्हणून.’ सभेत सेक्रेटरींनी त्या पोराला सुटायला दोन दारं उघडून दिली होती, नाटकाचं आणि ऑफिसातल्या गमतीचं. तो खोटं बोलला असता तर विषय क्रमांक पाच सुरू झाला असता. तो खरं बोलला, तिथे बिघडलं.

तिसरा मुद्दा कोणी मोठ्याने मांडला नाही, पण मागच्या रांगेत कुजबुज होती : ‘तो तसला आहे का?’ जर्मनीत राहणारा एक अमेरिकन इंजिनिअर २०२० च्या सुमारास वर्तमानपत्रांत झळकला. बायकोबरोबर सुखाने संसार करणारा माणूस, आणि ऑफिसला जायचा तो स्कर्ट आणि उंच टाचा घालून. तेव्हा पायात काय आहे यावरून मनात काय आहे हे ओळखता येत नाही. माझा भाचा कसला आहे हे मी त्याला विचारलेलं नाही, कारण त्यानेही मला कधी विचारलेलं नाही. आणि असला तसला, तर काय? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने त्याचा निकाल दिलेला आहे. सुप्रीम कोर्ट हे आमच्या सोसायटीच्या पोटनियमांपेक्षा वरचं आहे, असं मला अजून तरी वाटतं.

चौथा मुद्दा डॉक्टरांचा : ‘टाचेने शरीराचा भार चवड्यावर येतो, पोटऱ्यांचे स्नायू आखडतात, कंबर जाते.’ शंभर टक्के मान्य. पण डॉक्टर, हे स्नायू बायकांनाही असतात. लग्नाच्या रिसेप्शनला नवरी चार-चार तास टाचांवर उभी असते, तेव्हा तुम्ही तिच्या पोटऱ्यांची चौकशी न करता सरळ जेवायला जाता. लंडनमध्ये २०१५ च्या डिसेंबरात एक बाई स्वागतिकेच्या कामावर सपाट बूट घालून गेली, तर तिला ‘दोन ते चार इंचांची टाच घाला’ म्हणून सांगितलं. ती नाही म्हणाली, तेव्हा बिनपगारी घरी पाठवलं. तिने अर्ज काढला, त्यावर दीड लाख लोकांनी सह्या केल्या आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. जपानात २०१९ साली बायकांनी अशीच चळवळ केली आणि तिला ‘कुटू’ नाव दिलं. जपानीत कुत्सु म्हणजे बूट आणि कुत्सू म्हणजे वेदना. अशी कोटी करायला पुण्याचंच असावं लागत नाही, हे त्यावरून समजलं. म्हणजे हिशेब असा : बाईला टाच नको असेल तर घातलीच पाहिजे आणि पुरुषाला हवी असेल तर घालता कामा नये. दोघांनाही विचारलेला प्रश्न एकच नाही : ‘बाबा रे, बाई गं, तुला काय आवडतं?’

राहिली तक्रार खालच्या गृहस्थांची, आवाजाची. ती मात्र खरी तक्रार. मी ती सँडल घेऊन कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो. पिशवीतून काढताना उगाच इकडेतिकडे पाहिलं. मामांनी सँडल हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, “घालणाऱ्याचं वजन जास्त आहे. ही टाच बायकांच्या वजनाची. मोडेल एखाद दिवशी, पाय मुरगळेल. सांभाळून घालायला सांगा.” मग टाचेखाली जाड रबर ठोकलं आणि चाळीस रुपये घेतले. घालणारा कोण, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. सोसायटीच्या चौसष्ट बिऱ्हाडांनी ती सँडल वरून पाहिली होती. खालून पाहणारे मामा एकटेच.

मामांचं म्हणणं किती खरं आहे, याला इंग्लंडातला दाखला आहे. नॉर्दम्प्टनशायर हा तिथला बूट बनवणाऱ्यांचा परगणा. तिथल्या अर्ल्स बार्टन गावात एका घराण्याचा कारखाना पुरुषांचे भक्कम, निरुपद्रवी बूट बनवायचा. १९९० नंतर धंदा बसत चालला, कामगार कमी करायची पाळी आली. तेव्हा मालक स्टीव्ह पेटमन यांच्या लक्षात आलं, की बायकी बूट हौसेने घालणारे पुरुष आहेत, पण त्यांच्या वजनाला टिकतील असे बूटच कोणी करत नाही. त्यांनी ते करायला घेतले आणि कॅटलॉगच्या फोटोसाठी स्वतः पाय भादरून उभे राहिले! कारखाना पुढे टिकला नाही, पण गोष्ट टिकली. २००५ साली तिच्यावर ‘किंकी बूट्स’ नावाचा सिनेमा निघाला आणि त्यावरून झालेल्या संगीत नाटकाने २०१३ साली न्यूयॉर्कला सहा टोनी पारितोषिकं मिळवली. गिऱ्हाईक होतं म्हणून कारखानदार जागा झाला. म्हणजे माझा भाचा जगात एकटा नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकटा आहे, इतकंच.

आता शेवटचा मुद्दा. हा सभेत कोणी काढला नाही, कारण तो फक्त मला ठाऊक होता.

१९७६ साली मी बावीस वर्षांचा होतो. कानांवर केस, गालांवर कल्ले, खाली बेलबॉटम. पुण्याचे रस्ते त्या काळी झाडूंपेक्षा आमच्या बेलबॉटमनी जास्त झाडले. आणि त्या बेलबॉटमच्या आत लक्ष्मी रोडवरून घेतलेले बूट, टाच अडीच इंच. तेव्हा सगळी तरुण पोरं ते घालायची. आज जे आजोबा म्हणून हातात काठी घेऊन गच्चीवर बसले होते, त्यातले निम्मे तेव्हा टाचेवर चालत होते. कोणीही सभा बोलावली नाही. माझी उंची पाच फूट साडेतीन इंच. बूट घातले की पाच फूट सहा. १९७९ साली हिला बघायला गेलो तो या बुटांच्या भरवशावर. दारात उभा राहिलो तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर पसंती दिसली. मग बूट काढून आत यायला सांगितलं. हिची आई पुढे कित्येक वर्षं सांगायची, “जावई दारापासून सोफ्यापर्यंत येईस्तोवर अडीच इंच खचले!”

हा किस्सा मी शंभर वेळा सांगितलाय आणि लोक शंभर वेळा हसलेत. उंचीसाठी टाच घातली म्हटलं की झालं, कारण मिळालं. पण किस्शातला एक भाग मी कधी सांगितला नाही. लग्नानंतर ते बूट घालायची गरज संपली, तरी मी ते टाकले नाहीत. घरात कोणी नसलं की मी ते पायात घालायचो आणि या खोलीतून त्या खोलीत नुसताच चालायचो. शहाबादी फरशीवर टाचेचा जो ठसठशीत आवाज यायचा, चालताना पाठ जी ताठ व्हायची, ते मला आवडायचं. उंची पाहायला तिथे कोणीच नव्हतं. नुसतं आवडायचं. मग एक दिवस बोहारणीला देऊन टाकले आणि वर एक पातेलं घेतलं.

म्हणून परवा मी टाकीकडे पाहत होतो. पोराने ‘आवडतात म्हणून’ म्हटलं, तेव्हा सगळ्या गच्चीत ते वाक्य समजलेला एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला.

सभेनंतर भाचा घरी आला होता. म्हणाला, “मामा, पुढच्या महिन्यात जागा बदलतोय.” ही म्हणाली, “अरे, पण बाहेर ठेवायचीच कशाला होती? आत ठेवली असतीस.” तो म्हणाला, “मामी, आठवीत असल्यापासून आतच ठेवत आलोय. ट्रंकेत, माळ्यावर, गादीखाली. या वेळी बाहेर ठेवली, कारण सगळेच बाहेर ठेवतात.” ही काही बोलली नाही. उठून त्याला पोहे केले. आमच्या घरात बोलण्यासारखं काही उरलं नाही की पोहे होतात.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना रीतसर पत्र दिलं : विषय क्रमांक चारच्या ठरावास माझा विरोध नोंदवावा आणि पुढील सभेत तो पुन्हा विचारात घ्यावा. पत्र लिहून घरी येतो तो ही आमच्या दाराबाहेरचा रॅक आवरत बसलेली. माझ्या जुन्या चपलांचे दोन जोड तिने मला न विचारता काढून टाकले होते आणि वरच्या कप्प्यात, माझे फिरायला जायचे बूट आणि तिच्या डॉक्टरी चपला यांच्या मधोमध, ती काळी सँडल ठेवली होती. रबर लावलेली. भाच्याला निरोप गेला होता : जागा बदलायची घाई करू नकोस, चपलांची सोय झाली आहे.

काल सकाळी सेक्रेटरी माझं पत्र मिळाल्याची पोच द्यायला वर आले. रॅकसमोर थबकले.

“नाना, ही कोणाची?”

“घरातलीच.”

“वहिनींची का?”

आतून हिचा आवाज आला, “माझ्या मापाची नाही हो, भाऊजी. असती तर घातली असती!”

सेक्रेटरींनी हळूच माझ्या पायांकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. माझा नंबर सात आणि त्या सँडलचा नऊ, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.